पात्रांव, आपण जे धरून चाललोय ते एकदा तपासून बघूया: हाताखाली माणसं असणाऱ्यांसाठी एक पद्धत

ज्यांच्या शब्दावर चार माणसं कामाला लागतात, ज्यांना आमच्या गोव्यात पात्रांव म्हणजे साहेब म्हणतात, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लांट बघणारे, पंचायतीत निवडून आलेले, पतसंस्थेचे संचालक, शाळेचे हेडमास्तर, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, बचतगट चालवणाऱ्या ताई. प्रत्येकाच्या डोक्यात काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात आणि त्यात वाईट काहीच नाही, त्यांच्याशिवाय दिवसभरातले निर्णय उरकणारच नाहीत. पण साध्या माणसाची समजूत त्याच्यापुरती राहते आणि साहेबाची समजूत सर्क्युलर होऊन नोटीस बोर्डावर लागते. एकदा लागली की खालची माणसं मान डोलावतात, कारण "होय पात्रांव" म्हटलं की विषय संपतो, मग साहेबाला वाटतं की सगळ्यांना पटलंय, आणि सगळ्यांना पटलंय म्हणजे आपण बरोबरच. मी वसाहतीत एचआरचं काम करतो, हे चक्र रोज बघतो, आणि माझं ठाम मत आहे की "मी ओपन माइंडेड आहे" एवढ्यावर ते तुटत नाही. त्यासाठी ठरवून, कागदावर, क्रमाने काहीतरी करावं लागतं. ते काय, ते खाली सांगतो. पहिल्या वेळी एकच निर्णय घ्या आणि त्यावरच सगळ्या पायऱ्या करून बघा.

पायरी १: एक निर्णय घ्या आणि त्याच्या खालचा पाया लिहून काढा

"मी माझ्या सगळ्या समजुती तपासणार" असं म्हणून बसलात तर संध्याकाळपर्यंत हाती काही लागणार नाही. येत्या महिनाभरात घ्यायचाय असा एक निर्णय उचला, ज्यात पैसा, माणसं किंवा संस्थेचं नाव अडकलंय. तो वहीत एका ओळीत लिहा. त्याखाली हा प्रश्न लिहा: हा निर्णय बरोबर ठरायचा तर काय काय खरं असायला लागेल?

उदाहरण घेऊया, हेच पुढे लेखभर वापरतो. एका कारखान्यात पॅकिंगच्या मुली टिकत नाहीत. मॅनेजरसाहेबांचा निर्णय झालाय की यापुढे पॅकिंगला मुली घ्यायच्याच नाहीत, कॉन्ट्रॅक्टरची माणसं आणायची. हा बरोबर ठरायचा तर काय खरं असायला लागेल? एक, मुली लग्न ठरलं की काम सोडतात. दोन, आपण काहीही केलं तरी त्या सोडणारच. तीन, कॉन्ट्रॅक्टरची माणसं जास्त टिकतात. चार, पॅकिंगचं काम नवीन माणूस लगेच शिकतो. बघा, निर्णय एका ओळीचा होता आणि खाली चार खांब निघाले, त्यातला एकही कुणी तपासलेला नव्हता.

डोक्यातल्या डोक्यात हे करू नका, लिहाच. डोक्यात असतं तोवर ते "माहीत असलेलं" वाटतं, कागदावर आलं की त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

पायरी २: बघितलेलं एका बाजूला, काढलेला अर्थ दुसऱ्या बाजूला

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांनी दिसलेलं, रजिस्टरमध्ये असलेलं, मोजता येणारं. उजवीकडे आपण त्यावरून काढलेला अर्थ. आपल्या उदाहरणात डावीकडे येतं: "चतुर्थीनंतर पॅकिंगमधल्या पाच मुलींनी काम सोडलं, त्यातल्या दोघींनी राजीनाम्यात घरगुती कारण लिहिलं." बास, एवढंच. लग्न, मन नसणं, कष्ट नको असणं हे सगळं उजवीकडे. बहुतेकांची डावी बाजू दोन-तीन ओळींत संपते आणि उजवी पानभर होते.

उजव्या बाजूचं वाक्य कसं ओळखायचं? त्यात "नेहमी", "सगळे", "कुणालाच", "त्यांची मेंटॅलिटीच तशी", "इथे असंच चालतं" असले शब्द असतात. आपल्याकडे तर तयार मालच पडलेला आहे. गोंयकार सुशेगाद, त्याला जास्त काम नको. तरुणांना फक्त सरकारी नोकरी पाहिजे. बाहेरून आलेला कामगार गावाला गेला की परत येत नाही. या वाक्यांना कधीकधी एखाददुसऱ्या अनुभवाचा आधार असतोही, पण ती इतकी सोयीची असतात की पुढे विचारच करावा लागत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दोष समोरच्याच्या स्वभावात ठेवला की आपल्याला काही बदलावं लागत नाही.

पायरी ३: सगळं तपासू नका

यादीतल्या प्रत्येक समजुतीसमोर दोन गोष्टी लिहा. ही चुकीची निघाली तर नुकसान किती, आणि हिला पुरावा किती. नुकसान मोठं आणि पुरावा थोडा अशी जी असेल तीच घ्या. आपल्या उदाहरणात "आपण काहीही केलं तरी त्या सोडणारच" ही ती. आणि ती उभी आहे लग्नाच्या कारणावर, म्हणून पुढे तेच तपासूया.

पायरी ४: आपण चूक असू तर काय दिसेल, ते आधी लिहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये केलेला एक प्रयोग 1960 साली प्रसिद्ध झाला. तो तुम्ही पुढच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटांत करून बघू शकता. फळ्यावर लिहा: २, ४, ६. सांगा की हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. नियम ओळखायचा, त्यासाठी तुम्ही कुठलेही तीन आकडे सांगा, मी फक्त बसतात की नाही एवढंच सांगणार. लोक लगेच म्हणतात ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग छातीठोकपणे सांगतात की नियम म्हणजे दोन-दोनने वाढणारे सम आकडे. आणि ते चूक असतं. नियम फक्त इतकाच होता की आकडे चढते पाहिजेत. १, ७, ९० पण चाललं असतं. वेसनच्या प्रयोगातही बहुतेकांनी आधी चुकीचाच नियम जाहीर केला, कारण त्यांनी आपल्या समजुतीत बसणारेच आकडे विचारले. ६, ४, २ विचारून बघूया, यावर "नाही" येतं का बघूया, असं फार थोड्यांना सुचतं.

आपण निर्णय घेताना हेच करतो. लग्नामुळे सोडलेली एक मुलगी आठवली की म्हणतो बघा, मी म्हटलं नव्हतं? म्हणून खुंटा हलवून बघायचा तो उलट्या बाजूने. वहीत लिहायचं: "मी चूक असेन तर मला अमुक दिसलं पाहिजे." आपल्या उदाहरणात असं: लग्नाचं कारण खोटं असेल तर सोडणाऱ्यांत आधीच लग्न झालेल्या बायका पण असतील. सोडून घरी बसल्या नसतील, दुसरीकडे कामाला लागल्या असतील. आणि सोडणाऱ्या सगळ्या विभागांतून सारख्या नसतील, कुठल्यातरी एका गटातून जास्त असतील.

आता रजिस्टर उघडा. इथे खरंच रजिस्टर उघडायचंय, आठवायचं नाहीये. नाव, पत्ता, जॉइन झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. पत्त्याच्या कॉलमवरून बोट फिरवलं की चित्र दिसतं: म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई इथल्या मुली वर्षानुवर्षं आहेत. सोडलेल्या जवळजवळ सगळ्या केरी, सावईवेरे अशा आतल्या बाजूच्या. लग्न काय फक्त सावईवेऱ्याच्याच मुलींची होतात?

पायरी ५: विचारायला जा, पण विचारायची रीत बदला

रजिस्टर कुठे बघायचं ते सांगतं, का ते माणसंच सांगतात. आणि साहेबाला माणसं खरं सांगत नाहीत, हे आधीच मान्य करून चला, त्यात त्यांचा दोष नाही. पगार तुमच्या सहीने निघतो.

केबिनमध्ये बोलवू नका, तिथे गेलेल्या माणसाला आधी हेच वाटतं की आपलं काय चुकलं. लाइनवर नाहीतर चहाच्या वेळी जा. त्यांच्या भाषेत बोला, कोकणी तर कोकणी, कन्नड तर कन्नड येणारा कुणी सोबत घ्या. "काही प्रॉब्लेम नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही सायब" हेच असतं. असं विचारा की उत्तरात काहीतरी सांगावंच लागेल. "बाय, इथून सुटल्यावर घरी पोचेपर्यंत काय काय करावं लागतं गो?" हा एक प्रश्न सुपरवायझरने विचारला आणि उत्तर आलं: "सायबा, काम वाईट नाय. पण पॅकिंग लांबलं की सात वाजतात. मग फोंड्याच्या स्टँडवर गावची शेवटची बस गेलेली असते. भाऊ बाईक घेऊन येतो न्यायला, पण तो रोज कुठे येणार, आणि रोज भावाला बोलावलं की घरचे म्हणतात सोड ती नोकरी."

घरगुती कारण ते हेच. राजीनाम्यात खोटं काही लिहिलं नव्हतं.

उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करता यावर पुढची सगळी उत्तरं ठरतात. पहिली काही मिनिटं समजावून सांगू नका. "पण कंपनीने तर..." हे तोंडावर येईल, ते गिळा आणि म्हणा, "आणखी काय?" आणि कुणी सांगितलं याची चौकशी नंतर कुणालाही करू देऊ नका. एकदा जरी सांगणाऱ्याला त्रास झाला तर वर्षभर तुम्हाला फक्त गोड बातम्या मिळतील.

मीटिंगमध्ये असाल तर दोन नियम पाळा. साहेबाने शेवटी बोलायचं, आणि सगळ्यात नवीन माणसाने आधी. पंचायत असो, शाळेची स्टाफ मीटिंग असो, अध्यक्षांनी सुरुवातीलाच "मला असं वाटतं" म्हटलं की बाकीचे त्याचीच री ओढतात.

आणि एक गोष्ट फार बारकाईने बघा: तुमचा प्रश्न पुरावा कुणाकडे मागतोय? 27 जानेवारी 1986 च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे काही इंजिनीयर फोन मीटिंगमध्ये सांगत होते की उद्या थंडी फार आहे, सांध्यांतल्या रबराच्या रिंगांवर भरवसा नाही, उड्डाण नको. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री उलटं झालं, धोका आहे हे इंजिनीयरनीच सिद्ध करायचं असं वातावरण तयार झालं. शंभर टक्के पुरावा त्यांच्याकडे नव्हता. वरच्यांनी निर्णय फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. तुमच्या मीटिंगमध्ये शंका घेणाऱ्याला "आकडे आणून दाखव" म्हणत असाल आणि तुमच्या मताशी सहमत असणाऱ्याला काहीच विचारत नसाल, तर तेच चाललंय.

पायरी ६: काम फसलंय असं समजून बसा

मोठं काम सुरू करायच्या आधी ही बैठक घ्या. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली, तिला प्रीमॉर्टेम म्हणतात. पाऊण तास पुरतो. समजा तुमची पतसंस्था मोबाइल अ‍ॅप आणतेय. अध्यक्षांनी सांगायचं: "आजपासून एक वर्ष गेलंय. अ‍ॅप पूर्ण फसलं, पैसे पाण्यात गेले. का फसलं ते प्रत्येकाने लिहा." इथे "फसेल का" विचारायचं नाही, फसलंच असं धरायचं, कारण तसं केलं की शंका काढणारा माणूस विरोधक वाटत नाही, तो दिलेलं काम करतोय असं होतं.

प्रत्येकाला कोरा कागद द्या, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. शिपाई, क्लार्क, पिग्मी एजंट, सगळे हवेत, नुसते संचालक नकोत. मग एकेकाने एकेक कारण वाचायचं, यादी संपेपर्यंत फेऱ्या चालू. पिग्मी एजंटच्या कागदावर असं काहीतरी येईल की "अ‍ॅप आलं तर माझं कमिशन जाईल म्हणून मीच गिऱ्हाइकांना सांगितलं की त्यात पैसे अडकतात." हे तो सरळ मीटिंगमध्ये उठून कधीच बोलला नसता. क्लार्क लिहील की ठेवीदारांपैकी बरेच जण म्हातारे आहेत, ते ओटीपी शेजारच्या पोराकडून वाचून घेतात. ही दोन कारणं बाहेर आली तरी त्या पाऊण तासाचं सोनं झालं.

माणसंच जमवता येत नसतील तर छोटा उपाय आहे. 1985 मध्ये इंटेल कंपनीचा मेमरी चिपचा धंदा जपानी कंपन्यांपुढे टिकत नव्हता, आणि कंपनी उभीच त्या धंद्यावर राहिली होती, त्यामुळे सोडवत नव्हता. तेव्हा कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्हने गॉर्डन मूरला विचारलं की आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं म्हणून त्यांनी ते केलं. तुम्ही पण विचारा: उद्या माझ्या खुर्चीत नवीन कुणी आलं, ज्याला जुन्या कशाचाच अभिमान नाही, तर पहिल्या आठवड्यात तो काय बंद करेल?

पायरी ७: तुम्हाला मिळालेलं मत आणि तुमच्या मताला मिळालेलं मत

ही पायरी खास निवडून आलेल्यांसाठी, आणि याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1963 च्या डिसेंबरात गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा आग्रह धरणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष सत्तेत आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लोकांनी आपल्याला निवडलं म्हणजे विलीनीकरणालाही कौल दिला, असं त्यावरून धरणं अगदी स्वाभाविक होतं. मग 16 जानेवारी 1967 ला तोच एक प्रश्न वेगळा काढून विचारला गेला, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच निवडणूक झाली तर त्याच लोकांनी भाऊसाहेबांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेत बसवलं! कोण बरोबर होतं या वादात मला इथे शिरायचं नाही, घराघरांत त्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत. पण लोकांनी दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली, हे प्रत्येक सरपंचाने आणि चेअरमनने लक्षात ठेवावं असं आहे.

करायचं काय? तुमच्या अजेंड्यावरचे विषय सुटे करा. ग्रामसभेत "विकासकामांना मंजुरी" असा एकच ठराव आणू नका, रस्ता वेगळा, कचऱ्याची शेड वेगळी, मैदान वेगळं. तुम्हाला मानणारा माणूसच शेडच्या जागेला विरोध करेल, आणि तो कळायला हवा.

पायरी ८: छोटा प्रयोग, आणि निकाल आधी ठरवून

आता परत पॅकिंगकडे. बसचं कारण पटलं म्हणून लगेच कंपनीची बस विकत घेऊ नका, कारण बस हीसुद्धा आत्ता एक समजूतच आहे. महिनाभर एक टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने लावा, नाहीतर आतल्या गावच्या मुलींना उशिराच्या पॅकिंगमधून सोडून त्यांचं काम सकाळी लवकर लावा. सुरू करायच्या आधी वहीत लिहा: किती जणी टिकल्या तर मी म्हणेन की बसच कारण होतं, किती गेल्या तर म्हणेन नव्हतं, आणि कुठल्या तारखेला बघणार. खाली सही करा. आधी नाही लिहिलं तर नंतर जो काही आकडा येईल तो आपल्याला हवा तसा वाचता येतो, आणि माणूस तसाच वाचतो.

पायरी ९: प्रत्येक समजुतीला तारीख घाला

तपासून खरी निघालेली समजूतही कायम खरी राहत नाही, म्हणून औषधाच्या बाटलीवर असते तशी तिच्यावर एक्सपायरी डेट लिहायची. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे इथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. खाण चालूच राहणार हे तिथे कितीतरी वर्षं खरं होतं, त्या भरवशावर माणसांनी कर्ज काढून ट्रक घेतले, बार्ज घेतल्या, गॅरेज टाकली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, सुप्रीम कोर्टाची बंदी आली, 2014 मध्ये ती उठली. उठल्यावर पुष्कळांनी धरलं की चला, संकट टळलं. फेब्रुवारी 2018 मध्ये कोर्टाने खाणींच्या 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. त्या ट्रकवाल्यांना दोष द्यायचा मला अजिबात हक्क नाही, तो धक्का कुणालाही झेपला नसता. पण 2012 नंतरच्या प्रत्येक कर्जाच्या कागदावर "खाण बंद पडली तर हप्ता कुठून?" ही एक ओळ लिहायला हवी होती, आणि ती ओळ त्यांच्याकडून लिहून घ्यायचं काम त्यांच्या पुढाऱ्यांचं आणि कर्ज देणाऱ्यांचं होतं. पर्यटनातही तेच. 23 सप्टेंबर 2019 ला थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी कोसळली, सीझन तोंडावर असताना, आणि ब्रिटिश चार्टर विमानांवर विसंबलेल्या हॉटेलवाल्यांना ऐनवेळी धावपळ करावी लागली.

तारीख कशी ठरवायची? जी गोष्ट बदलली तर समजूत पडेल ती लिहा. कायदा, एक मोठं गिऱ्हाईक, एक माणूस, एक बसचा रूट. ती गोष्ट जितकी हलती तितकी तारीख जवळची. काहीच सुचत नसेल तर सहा महिने घाला.

हे कुठे करू नये

आग लागली, पुराचं पाणी आत आलं, कुणी जखमी झालं, तेव्हा वही काढायची नाही, हुकूम द्यायचा. आणि मूल्यं तपासायला बसू नका. कामगाराचा पीएफ वेळेवर भरायचा, पोरांना मारायचं नाही, हिशोब खोटे लिहायचे नाहीत, या गोष्टींवर प्रयोग करायचे नसतात. तिसरं म्हणजे झालेला निर्णय दर आठवड्याला उकरून काढू नका, माणसं कंटाळतात आणि साहेबाचं काही नक्की नसतं असं बोलायला लागतात. तपासायची तारीख ठरलीय ना, मग तोवर नेटाने काम करा.

वही तुमच्याकडे ठेवू नका. ती सेक्रेटरीकडे किंवा तुमच्याशी वाद घालायला न घाबरणाऱ्या एका सहकाऱ्याकडे द्या, आणि त्याला सांगा की महिन्याच्या मीटिंगमध्ये मागच्या मिनिट्स वाचून झाल्या की लगेच ज्यांची तारीख उलटलीय त्या समजुती मोठ्याने वाच. पहिल्या एक-दोन मीटिंगमध्ये कुणीच काही बोलणार नाही, चहा येईल आणि विषय सरकेल, तरी वाचणं चालू ठेवा. साधारण तिसऱ्या वेळी मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणेल, "सर, ते तिसरं जे वाचलं ना, ते आता तसं राहिलेलं नाय." तेव्हा पेन त्याच्या हातात द्या आणि दुरुस्ती त्यालाच लिहू द्या.